ठोकताई आणि गोलकीपरचा घोटा

बूट चावतो का, असं विचारलं की माणूस खोटं बोलतो, हे ठोकताईंचं ठाम मत होतं. वय विचारा, एखादा खरं सांगेल. पगार विचारा, निम्मा तरी खरा सांगेल. पण बुटाचं विचारलं की दहातले नऊजण "छे हो, मस्त आहे" म्हणून मोकळे होतात. बूट त्यांनी स्वतःच पसंत केलेला असतो ना! आपली पसंती आपल्यालाच चावते, हे चारचौघांत कबूल करायला वाघाचं काळीज लागतं.

हे काही ऐकीव ज्ञान नव्हतं. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याला लागून एक लांबट खोली होती. तिथे ताईंनी चौतीस वर्षं लहान मुलांच्या पायांना ब्रेस बसवले होते. ब्रेस म्हणजे पोटरीपासून तळव्यापर्यंत पाय मागून धरून ठेवणारं, पायाच्याच आकाराचं पांढरं प्लॅस्टिक. त्याला पट्टे असतात आणि वरून बूट चढतो. दिवसभर त्या खोलीतून ठोकाठोकीचा आवाज यायचा, म्हणून मुलांनी त्यांना ठोकताई केलं. मोठी माणसंही तेच म्हणायला लागली. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं.

या धंद्यात त्या आल्या त्याही आगाऊपणामुळेच. बावीस वर्षांच्या असताना त्या बॅगांच्या दुकानात मुठी शिवायचं काम करत. एक दिवस इस्पितळातले म्हातारे कारागीर तिथे चामडी पट्टा शिवून घ्यायला आले. ताईंनी पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "आजोबा, बक्कल आतल्या बाजूला घेतलंय. पोर चालायला लागलं की एका पायाचं बक्कल दुसऱ्या पायाला ओरबाडणार." आजोबा रागावले, पट्टा घेऊन गेले आणि तासाभरानं परत आले. पट्टा बदलायला नव्हे, ताईंना घेऊन जायला.

खोलीत एका फळीवर प्लॅस्टरचे पाय ओळीनं उभे असत. मुलाच्या पायाचा साचा घ्यायचा, त्यावरून हा प्लॅस्टरचा पाय ओतायचा आणि त्याच्यावर गरम प्लॅस्टिक चढवून ब्रेस करायचा, अशी रीत. नवीन मूल रडायला लागलं की ताई त्यातल्या एखाद्या पायाला पेन्सिलीनं मिशा काढून देत. एकदा त्यांनी एकाला चष्मा आणि टक्कल काढलं. नेमके तेव्हाच मोठे डॉक्टर आले आणि तो पाय हातात धरून विचारू लागले, "हा कोणाचा?"

"तुमचाच समजा," ताई म्हणाल्या.

तर अशा या ठोकताईंना एक सात वर्षांची पोरगी पुरून उरली, त्याची ही गोष्ट.

पोरीला सगळे भिंगरी म्हणत. जन्मापासून तिच्या दोन्ही घोट्यांत जोर कमी होता. ब्रेस नसला की पावलं ओल्या कापडासारखी लोंबायची. ब्रेस चढला की मात्र ती एका जागी दिसेल तर शपथ! तिचे बाबा घरं रंगवायचे. हातावर, कानामागे, कधीकधी भुवईवर आदल्या दिवसाचा रंग असे, आणि त्यावरून ताई ओळखत की सध्या कोणाच्या बैठकीच्या खोलीचं काम चालू आहे. त्या दिवशी भुवई पिस्ता रंगाची होती.

तपासणीची तारीख होती. बापलेक आत आले. ताईंनी चष्मा नाकावर घेतला, तोच भिंगरी म्हणाली, "कुठ्ठे म्हणजे कुठ्ठे दुखत नाही."

ताईंनी चष्मा परत काढला. अजून कोणी काही विचारलंच नव्हतं.

"बरोबर बोलतेय ती," बाबा कौतुकानं म्हणाले. "मी रोज सकाळी विचारतो. एका शब्दानं कुरकुर नाही. फार सोशीक आहे हो आमची पोर."

"सोशीक" हा शब्द ऐकला की ताईंच्या कपाळावर आठी यायची. त्यांच्या अनुभवात सोशीक मुलांचेच पाय सर्वांत आधी सोलवटत.

"जरा दारापर्यंत चालून दाखव बघू," त्या म्हणाल्या.

भिंगरी चालली. सरळ जाताना झकास. वळताना मात्र डावा पाय नुसता टेकवून तिनं उजव्यावर गिरकी घेतली, आणि ती गिरकी इतक्या सफाईची होती की नाचातली वाटावी. बुटांच्या टाचांत लाल दिवे लुकलुकत होते. उजव्या टाचेचा दिवा लख्ख पेटत होता, डावीचा अर्ध्या मनानं.

ताईंनी तिला खुर्चीत बसवून बूट आणि ब्रेस उतरवले. "मोजे काढ."

"नको. थंडी वाजते."

छपराचा पत्रा उन्हानं तडतडत होता. प्लॅस्टिक तापवायची भट्टी चालू होती. बाबांच्या भुवईवरचा पिस्ता घामानं ओघळायला लागला होता.

ताईंनी घोटा दाबून पाहिला. "दुखतं?" "नाही." करंगळी दाबली. "इथे?" "नाही." टाच दाबली. "इथे?" "नाही म्हटलं ना!" ताईंनी टेबलाचा पाय दाबला. "इथे?" "नाही," भिंगरी म्हणाली आणि मग तिला कळलं, तशी ती खुदकन हसली. पण मोजा काही तिनं सोडला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

जबरदस्ती करायची नाही, हा ताईंचा नियम. आज जबरदस्तीनं मोजा काढला की उद्यापासून पोर दारातूनच पळ काढतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ओल्या प्लॅस्टरमुळे ब्रेसवाल्या मुलांखेरीज कोणाचेच जोडे खोलीत चालत नसत, त्यामुळे बाबांचे बूट उंबऱ्याशी होते. ताईंच्या चेहऱ्यावर एक भाव उमटला. त्यांच्या घरचे लोक तो भाव दिसला की शेजारी निघून जात.

"रंगारीदादा, ऐका ना. औषधाच्या खिडकीवरून कापसाचं एक बंडल आणायचंय. जाता का? पण थांबा, आधी नळावर तो भुवईचा रंग धुवा. खिडकीवरची बाई घाबरेल."

बाबा मागच्या दारानं नळावर गेले. ताईंनी भिंगरीकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. डब्यातून पट्टे ठोकून बसवायचं, वाटाण्याएवढं एक बोथट रिबिट काढलं, बाबांच्या उजव्या बुटातली गादी उचलली, रिबिट खाली चिकटपट्टीनं बसवलं आणि गादी परत ठेवली. भिंगरीचे डोळे बशीएवढे झाले.

"कळेल त्याला?" तिनं कुजबुजत विचारलं.

"बघू या. सांगायचं मात्र नाही हं."

"देवाशप्पथ नाही."

बाबा आले, बूट घातले आणि गेले. दहा मिनिटांनी ते बंडल घेऊन परतले तेव्हा लांबूनच दिसलं की गडी उजवा पाय चोरतोय. उंबऱ्याशी तर ते एका पायावर बगळ्यासारखे उभे राहिले.

"काय हो दादा, लंगडताय का?"

"कोण, मी? छे. बसून बसून पाय आखडला असेल जरा."

"बुटात काही टोचत नाही ना?"

"नाही नाही. बूट एक नंबर आहेत. मागच्याच महिन्यात घेतलेत."

भिंगरीनं दोन्ही हात तोंडावर दाबले. गाल फुगले, कान लाल झाले. देवाची शपथ मोडायला तिला चार सेकंद लागले.

"खोटं! बाबा खोटं बोलतोय! टोचतंय तुला! आम्हीच घातलंय आत!"

बाबांनी बूट काढला, गादी उचलली आणि रिबिटाकडे पाहतच राहिले.

"मग सांगितलं का नाहीस?" भिंगरीनं कमरेवर हात ठेवून विचारलं. हुबेहूब तिच्या आईसारखं.

"अगं..." बाबा ओशाळले. "ताई कामात. त्यांनी एवढ्या विश्वासानं पाठवलेलं. मध्येच बूट काय काढायचा? म्हटलं, चालून चालून होईल ठीक."

"असं कधी होतं का!" भिंगरी ओरडली.

प्लॅस्टर घट्ट होत असताना त्याला हात लावायचा नसतो, हे ताईंना पक्कं माहीत होतं. त्या नुसत्या कापसाचं बंडल सोडत बसल्या. भिंगरीनं फळीवरच्या पायांकडे पाहिलं. मग छताकडे. मग स्वतःच्या मोज्याकडे.

"डावा," ती एकदम लहान आवाजात म्हणाली. "बाहेरच्या बाजूला. आणि बोटंपण, पण बोटं थोडीच."

मोजा निघाला. त्याखाली दुसरा मोजा निघाला. आणि त्याखाली, घोट्याभोवती गुंडाळलेला, एक पांढरा केसाळ तुकडा निघाला. बाबांनी तो हातात घेतला आणि त्यांचा आवाज चढला.

"हा तर माझ्या रोलरचा आहे! म्हणजे रोलरला टक्कल पाडलंस ते तू? आणि मी पंधरा दिवस उंदरासाठी सापळा लावतोय!"

"एकही उंदीर मिळाला नाही ना?" भिंगरी म्हणाली. "मला माहीत होतं."

घोट्याच्या हाडावर कातडी लाल झाली होती, मध्यभागी किंचित चकाकत होती. फुटली नव्हती. अजून आठवडाभर गेला असता तर फुटली असती. रोलरचा तुकडा तिथे मऊ लागत असला तरी ब्रेसमधली जागा त्यानं आणखीच कमी केली होती. तो तुकडा बाबा उगाचच हातात चुरगाळत राहिले.

"का लपवलंस गं?" ताईंनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात मिस्किलपणा नव्हता.

"मागच्या वेळी सांगितलं होतं. तेव्हा तू म्हणालीस, ब्रेस ठेवून जा, दोन दिवसांत देते."

"मग?"

"एकोणीस दिवस लागले. मी भिंतीवर रेघा मारल्यात."

ताईंना आठवलं. प्लॅस्टिकचे तक्ते संपले होते, नवीन आले ते चुकीच्या जाडीचे. सांगताना दोन दिवस हे त्यांनी आपलं ठोकूनच दिलं होतं, पोर रडू नये म्हणून.

"आणि तोपर्यंत आमच्या गल्लीच्या टीमनं दुसऱ्याला गोलात उभं केलं," भिंगरी पुढे म्हणाली. "तो चेंडू आला की खाली बसतो! मी नाही बसत. मला लागतच नाही. माझे पाय कडक आहेत ना, चेंडू आपटून परत जातो. पलीकडच्या गल्लीतले मला भिंत म्हणतात. येत्या रविवारी मॅच आहे. आता काढून घे ब्रेस आणि ठेव एकोणीस दिवस."

तिनं पाय पुढे केला, जणू फासावरच चाललीय.

चौतीस वर्षांत ताईंनी पुष्कळ आईबापांना धारेवर धरलं होतं. आज त्यांनाच कोणीतरी धरलं होतं, आणि मुद्दा बिनतोड होता. त्या स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या.

"तेव्हा माझं चुकलं. किती दिवस लागतील ते मला माहीत नव्हतं आणि मी माहीत आहे असं सांगितलं. आज ब्रेस या खोलीच्या बाहेर जाणार नाही. तुझ्या डोळ्यांसमोर नीट करते आणि तुझ्याच पायात घालून पाठवते. कबूल?"

भिंगरीनं बराच विचार केला. "मी इथेच बसणार. लघवीलापण जाणार नाही."

"बस."

दुखतं कुठे ते कळलं होतं, पण ब्रेसमध्ये नेमकं कुठे टेकतं ते कळायला हवं होतं. बोटभर इकडेतिकडे झालं तर नवीनच दुखणं मागे लागायचं. त्यासाठी ताईंना लिपस्टिक लागे. ती इस्पितळात एकाच ठिकाणी मिळायची, मोठ्या सिस्टरच्या पर्समध्ये. ताई तिकडे गेल्या.

"सिस्टर, लिपस्टिक द्या."

"गेल्या वेळची कुठाय?"

"एका मुलाच्या टाचेवर संपली."

"ठोकताई, माझ्या ओठांपेक्षा तुमच्या पोरांच्या पायांनाच जास्त लागते ती. आता ही महागातली आहे. जपून."

"महागातली असली की ठसा झकास उठतो," ताई म्हणाल्या आणि सिस्टरचा विचार बदलायच्या आत जिना उतरल्या.

भिंगरीच्या घोट्याला गडद जांभळी लिपस्टिक लागली. करंगळीच्या मुळालाही. "आता पाय नटलाय," ताई म्हणाल्या. एकही मोजा न घालता ब्रेस नुसताच चढवला, पट्टे आवळले, तिला खोलीत दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि ब्रेस उतरवला. आत, पांढऱ्या प्लॅस्टिकवर, पावलीएवढा जांभळा ठसा उमटला होता.

"चोर सापडला!" भिंगरी म्हणाली.

ताईंनी हीट गन चालू केली. गरम हवेच्या त्या पिस्तुलानं तेवढ्याच जागेचं प्लॅस्टिक तापवलं, ते मऊ होऊन चमकू लागलं तसं आतून लाकडी ठोकळ्याच्या गोल टोकानं दाबलं. बाहेरच्या बाजूला छोटासा फुगवटा आला, आत हाडाला खोलगट घर झालं. मग ओल्या फडक्यानं थंड. कडा घासून गुळगुळीत. पुन्हा लिपस्टिक, पुन्हा फेऱ्या. दुसऱ्यांदा ठसा फिकट आला, तिसऱ्यांदा आलाच नाही.

"आता एकच मोजा, सुरकुती नसलेला," ताईंनी सांगितलं. "टाच मागे पूर्ण टेकली की मगच पट्टा आवळायचा. वीस मिनिटं हिंडायचं, मग बघू कातडीला काय म्हणायचंय. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. राहिली तर परत गन."

भिंगरी वीस मिनिटं धोबीखान्यापासून जिन्यापर्यंत हिंडली. मध्ये एकदा आवाज आला आणि चादरींचा एक गठ्ठा कोसळला, पण त्याचा ब्रेसशी संबंध नव्हता.

दरम्यान ताईंनी लुकलुकते बूट हातात घेतले. आतली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवली आणि भिंगरी आल्यावर तिला ब्रेससकट त्यावर उभं केलं. ब्रेस दोन्ही बाजूंनी गादीबाहेर आला आणि बोटं पुढून डोकावली.

"बूट घेताना ब्रेस घातला होता?"

"नाही," बाबा म्हणाले. "दुकानदार म्हणाला, पाय मोजून देतो. आणि हीच म्हणाली, अगदी बरोबर बसतात."

"मी बोटं आत मुडपली होती," भिंगरीनं सांगितलं. आता तिला कबुलीजबाबाची चटकच लागली होती. "दिव्यांचे तेवढेच होते."

लाली पंचवीस मिनिटांत गेली. ताईंनी दोन्ही पायांचे नवीन साचेही घेऊन ठेवले, कारण पोर वाढली होती आणि हे ब्रेस फार तर महिना-दीड महिना चालले असते. "नवीन तयार होईपर्यंत हेच घालायचे. केव्हा होतील ते मी सांगणार नाही. तक्ते आलेत का ते पाहून फोन करीन," त्या म्हणाल्या. भिंगरीनं मान डोलावली. या उत्तरावर तिचा जास्त विश्वास बसलेला दिसला.

बुटांच्या दुकानात ताई स्वतः गेल्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून. दुकानातल्या सेल्समननं पहिलाच जोड काढला आणि म्हणाला, "थोडा घट्ट वाटेल मॅडम, पण वापरून सैल होईल."

"चामडं सैल होईल हो. हे प्लॅस्टिक नाही ना होत," ताईंनी ब्रेसवर टकटक केलं. "रुंद दाखवा. पुढपर्यंत उघडणारे. नाडीचे. पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे आणि टाच उचलली जाता कामा नये."

अर्ध्या तासात दुकानात अकरा बुटांच्या गाद्या बाहेर पडल्या होत्या आणि सेल्समन कुठली कुठल्यात ते जुळवत घामाघूम झाला होता. भिंगरी प्रत्येक गादीवर उभी राहून निकाल देत होती. "नापास. नापास. याचं तर तोंडच बघायला नको." शेवटी मुलग्यांच्या कपाटातून एक काळा, रुंद, कुरूप म्हणावा असा जोड निघाला. त्यात ब्रेस असा गेला की जणू त्याचाच होता.

"दिवे नाहीत," बाबा जरा वाईट वाटून म्हणाले. "मी पिवळ्या ज्वाळा रंगवून देऊ का?"

भिंगरीनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "बाबा, गोलकीपरचे बूट काळेच असतात."

रविवारी ताई मॅच बघायला गेल्या. घरी म्हणाल्या, भाजीला जाते. गल्लीच्या टोकाला दोन विटांमध्ये भिंगरी उभी होती, काळे बूट, हात पसरलेले. पहिले दोन चेंडू तिनं पायांनी असे परतवले की ताईंनी नकळत टाळी वाजवली. बाबा शेजारीच होते. आज भुवई निळी.

तिसरा चेंडू मात्र तिनं अडवला आणि सोडलाच नाही. तो पायापुढे घेऊन ती चालायला लागली. मग धावायला. बुटात पाय हलत नव्हता, घोट्याला कोणी चावत नव्हतं, आणि हे तिला बहुधा त्याच क्षणी कळलं. "मागे ये! मागे ये!" दोन वेण्यांची कप्तान ओरडत राहिली. भिंगरी सगळी गल्ली ओलांडून पलीकडे पोचली आणि चेंडू पलीकडच्या विटांमध्ये गेला. त्यानंतर ती गोलात थांबेचना. दर पाच मिनिटांनी पुढे, आणि मागे विटा मोकळ्या. टीम सात-दोननं हरली. दोनातले दोन्ही गोल भिंगरीचे.

मॅच संपल्यावर कप्तान तरातरा ताईंकडे आली. तिला कोणीतरी सांगितलं होतं या बाई कोण ते.

"तुम्ही काय केलंत तिच्या पायांना? आधी चांगली जागेवर उभी राहायची!"

"माझं चुकलं," ताई म्हणाल्या. आठवड्यात दुसऱ्यांदा.

तेवढ्यात भिंगरी धापा टाकत आली, तोंडभर धूळ. तिनं स्वतःहून बूट काढला, ब्रेस उतरवला, मोजा ओढला आणि पाय बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी भिंग नसतानाही जवाहिऱ्यासारखं निरखून पाहिलं. घोट्यावर फिकट गुलाबी गोल होता.

"घड्याळ लाव," भिंगरीनं हुकूम सोडला. मग ताईंकडे वळली. "नवीन ब्रेस करशील ना, त्याला पुढच्या बाजूला लोखंडी टोक लावशील? लाथ मारायला?"

"नाही."

"छोटंसं?"

"अजिबात नाही."

"विचार कर," भिंगरी म्हणाली. "घाई नाही. तक्ते आलेत का आधी ते बघ."